विभागाचा कारभारी मतदारांनी निवडावा

15 जानेवारी 2026 रोजी मुंबईकरांनी महापालिकेसाठी मतदान केले. त्याआधीचे मतदान 21 फेब्रुवारी 2017 रोजी झाले होते. म्हणजे पाच वर्षांनी व्हायची निवडणूक जवळजवळ नऊ वर्षांनी झाली. सभागृहाची मुदत 7 मार्च 2022 रोजी संपली आणि त्यानंतर इतर मागासवर्गाचे आरक्षण, प्रभागरचना, सदस्यसंख्या 227 ठेवायची की 236 करायची, अशा एकेका वादात तारखा पुढे जात राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 रोजी निवडणुका घेण्याचा आदेश दिला नसता, तर प्रशासकाचा कारभार आणखी किती लांबला असता कोण जाणे. मतदान झाले याचे समाधान मानायलाच हवे. पण महापौर कोणत्या पक्षाचा होणार या एका प्रश्नाने प्रचाराचा सारा अवकाश व्यापला आणि एक साधा प्रश्न बाजूलाच राहिला. मालाडमध्ये, गोवंडीत किंवा ग्रँट रोडला जो अधिकारी प्रत्यक्ष कारभार पाहतो, ज्याच्या कार्यालयात त्या भागातील कचरा, पदपथ, गटारे, फेरीवाले आणि अनधिकृत बांधकामे यांच्या तक्रारी येऊन पडतात, त्याला निवडण्याचा किंवा घरी बसवण्याचा अधिकार या निवडणुकीने मतदाराला दिला का? दिला नाही, आणि याआधीच्या कोणत्याही निवडणुकीनेही दिला नव्हता.

माझे म्हणणे असे आहे की मुंबईच्या प्रत्येक प्रशासकीय विभागाला थेट मतदारांनी पाच वर्षांसाठी निवडलेला अध्यक्ष असावा, विभाग कार्यालयाने त्याच्या निर्णयांची अंमलबजावणी करावी आणि विभागापुरते अंदाजपत्रक त्याच्या व विभागातील नगरसेवकांच्या हाती असावे. शहराचे तुकडे करण्याची ही सूचना नाही. पाणी, मलनिस्सारण, मोठी रुग्णालये, अग्निशमन दल, विकास आराखडा ही कामे एकाच महापालिकेकडे राहिली पाहिजेत, याबद्दल मला शंका नाही.

आधी आजची घडी कशी आहे ते पाहू. मुंबईचे कामकाज ‘ए’ पासून ‘टी’ पर्यंतच्या 24 प्रशासकीय विभागांत वाटलेले आहे. अलीकडे एक-दोन मोठ्या विभागांचे विभाजन सुरू झाले, तरी मूळ चौकट तीच आहे. प्रत्येक विभागाचा प्रमुख हा सहायक आयुक्त असतो, ज्याला सगळे वॉर्ड ऑफिसर म्हणून ओळखतात. त्याची निवड महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते, बदली आयुक्त करतात आणि त्याचा गोपनीय अहवालही वरच लिहिला जातो. 2011 च्या जनगणनेनुसार सँडहर्स्ट रोड-डोंगरी परिसराच्या ‘बी’ विभागात सुमारे सव्वा लाख लोक राहत होते आणि मालाडच्या ‘पी-उत्तर’ विभागात नऊ लाखांहून अधिक. त्याच जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती. कोल्हापूरला स्वतःची महापालिका आहे, महापौर आहे, स्थायी समिती आहे, आयुक्त आहे. मालाडला एक सहायक आयुक्त होता. कोल्हापूरकराला आपल्या शहराच्या कारभाराबद्दल जाब विचारायला निदान एक सभागृह आहे. मालाडकराला दक्षिण मुंबईतल्या मुख्यालयात 227 जणांच्या सभागृहात बसलेल्या आपल्या एका नगरसेवकाचा आधार.

तो आधार किती पुरतो, हे कोणत्याही गल्लीत पाहता येते. रस्ता काँक्रिटीकरणासाठी उकरला आहे असे समजा. कंत्राट मध्यवर्ती रस्ते खात्याने काढलेले असते. खोदताना जलवाहिनी फुटते. ती जलअभियंता खात्याची. दोन दिवसांनी नळाला गढूळ पाणी येऊ लागते. त्याचा नमुना आरोग्य खात्याने घ्यायचा. मातीचा ढीग पदपथावर पडतो; पदपथ विभाग कार्यालयाच्या परिरक्षण म्हणजे देखभाल शाखेकडे. पदपथावरून हटलेला भाजीवाला रस्त्यावर बसतो; त्याला उठवणारे अतिक्रमण निर्मूलनाचे पथक वेगळे. राडारोडा कंत्राटदाराने उचलायचा की घनकचरा खात्याने, यावर दुय्यम अभियंत्यांचा पत्रव्यवहार सुरू होतो. नगरसेवक या सहाही ठिकाणी आपल्या लेटरहेडवर पत्रे पाठवतो, त्यांच्या पोचपावत्या फायलीत लावतो आणि रहिवाशांच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकतो. इतकेच त्याच्या हाती असते. रहिवाशांना मात्र वाटते की नगरसेवक काम करत नाही. आणि पुढच्या वेळी ते त्याला पाडतात, किंवा मतदानालाच जात नाहीत. टोलवाटोलवीची शिक्षा अशी ज्याच्याकडे अधिकार नाही त्याला होते, आणि ज्याच्याकडे अधिकार आहे तो बदली होऊन दुसऱ्या विभागात जातो. वॉर्ड ऑफिसर आळशी किंवा भ्रष्टच असतात असे मला मुळीच म्हणायचे नाही. पुराच्या रात्री गुडघाभर पाण्यात उभे राहणारे अधिकारी या शहराने पाहिले आहेत. मुद्दा त्यांच्या वृत्तीचा नाही; ते कोणाला उत्तरदायी आहेत, याचा आहे.

मार्च 2022 नंतरच्या प्रशासकीय कालखंडाने हे फार स्पष्टपणे दाखवून दिले. त्या काळाबद्दल एक मत वारंवार ऐकू येते: नगरसेवक नव्हते तरी शहर चाललेच की! हे खरे आहे, आणि तीच चिंतेची बाब आहे. लोकनियुक्त सभागृह जवळजवळ चार वर्षे नसूनही विभाग कार्यालयातल्या एकाही टेबलावरच्या कामाची पद्धत बदलली नाही, याचा अर्थ त्या टेबलांशी सभागृहाचा धागा आधीपासूनच तुटलेला होता. दरम्यान ती पोकळी रिकामी राहिली नाही. जुलै 2023 मध्ये उपनगरांच्या पालकमंत्र्यांना महापालिकेच्या मुख्यालयातच दालन देण्यात आले. लोकांनी निवडलेला नगरसेवक इमारतीबाहेर आणि राज्याचा मंत्री आत, असे ते चित्र होते. 2025-26 चे 74 हजार 427 कोटी रुपयांचे अंदाजपत्रक आयुक्तांनी प्रशासक म्हणून स्वतःच मांडले आणि स्वतःच मंजूर केले. देशातील कित्येक लहान राज्यांच्या अंदाजपत्रकापेक्षा ही रक्कम मोठी आहे, आणि तिच्यावर एकाही निवडून आलेल्या मुंबईकराचे मत नोंदवले गेले नाही.

यावर कोणी म्हणेल की मधला दुवा म्हणून प्रभाग समित्या आहेतच. कागदावर आहेत. शहरांच्या स्थानिक स्वराज्य संस्थांना घटनेत स्थान देणारी 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली आणि तिच्यातील 243-एस या अनुच्छेदाने तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. मुंबईत 24 विभागांसाठी 17 समित्या झाल्या. ‘ए’, ‘बी’ आणि ‘ई’ हे तीन विभाग एका समितीत, ‘सी’ आणि ‘डी’ दुसऱ्या समितीत, अशी बांधाबांध करण्यात आली. म्हणजे कुलाबा, डोंगरी आणि भायखळा यांचे प्रश्न एकाच बैठकीत. समितीचा अध्यक्ष तिच्यातील नगरसेवक आपल्यातून निवडतात, आणि तोही एका वर्षासाठी. पहिले तीन महिने सत्कारात, शेवटचे तीन महिने पुढच्या अध्यक्षपदाच्या जुळवाजुळवीत; मधल्या काळात पावसाळा असतो. मूळ तरतुदीत समितीला पाच लाख रुपयांपर्यंतच्या कामांना मंजुरी देण्याचा अधिकार होता. पाच लाखांत आज किती लांबीचा पदपथ होतो, हे एखाद्या कनिष्ठ अभियंत्याला विचारून पाहावे. बैठकीत नगरसेवक तावातावाने बोलतात, अधिकारी ‘नोंद घेतली’ म्हणतात, इतिवृत्त तयार होते. नामनियुक्त स्वयंसेवी प्रतिनिधींची सोयही कायद्यात आहे, आणि 2009 मध्ये तर मतदारांच्या क्षेत्रसभांचीही तरतूद राज्याने कायद्यात घातली. त्या क्षेत्रसभा मुंबईत कोणी पाहिल्या असतील तर तो भाग्यवान.

हे असे का झाले याचे मूळ बरेच जुने आहे. 1865 मध्ये मुंबईला आर्थर क्रॉफर्ड यांच्या रूपाने सर्वाधिकारी म्युनिसिपल कमिशनर मिळाला. त्याने बाजार बांधले, रस्ते काढले आणि तिजोरी रिकामी केली. करदाते खवळले. 1871 च्या त्या वादात तरुण फिरोजशहा मेहतांनी घेतलेली भूमिका आजही लक्षात घेण्याजोगी आहे. कार्यकारी सत्ता एका जबाबदार अधिकाऱ्याकडेच असावी, परंतु त्याच्यावर करदात्यांनी निवडलेल्या सभेचा अंकुश असावा, ही बाजू त्यांनी मांडली. 1872 च्या कायद्याने 64 सदस्यांची सभा आली, तिच्यातील निम्मे सदस्य करदात्यांनी निवडलेले; आणि 1888 च्या कायद्याने, ज्याच्या घडणीत मेहतांचा मोठा वाटा होता, ती रचना पक्की झाली. तोच कायदा शेकडो दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. पण 1872 ची मुंबई साडेसहा लाखांच्या आसपास लोकसंख्येची होती, म्हणजे आजच्या एका मोठ्या उपनगरी विभागापेक्षा लहान. साडेसहा लाखांच्या गावात एका अधिकाऱ्यावर एका सभेचा अंकुश राहू शकतो. सव्वा कोटींच्या शहरात तो राहत नाही, आणि ज्या पातळीवर अंकुश हवा ती पातळी आता विभागाची आहे. मेहतांचे तत्त्व सोडून द्या असे मी म्हणत नाही. ते त्यांच्या काळच्या मुंबईएवढ्या आकाराच्या आजच्या मुंबईच्या भागांना लावा, एवढेच म्हणतो.

दुसऱ्या महानगरांनी हा प्रश्न कसा हाताळला, यात टोकियोचा अनुभव सर्वांत बोधप्रद आहे, कारण तिथे दोन्ही पद्धती वापरून झाल्या आहेत. टोकियोच्या मध्यवर्ती शहरात 23 विशेष वॉर्ड आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1947 पासून, त्यांचे प्रमुख थेट मतदानाने निवडले जाऊ लागले. 1952 मध्ये कायदा बदलून ती निवडणूक काढून घेण्यात आली. महानगराचा कारभार एकसंध हवा, असे कारण देण्यात आले. त्यानंतर वॉर्डाच्या सभेने राज्यपालाच्या, म्हणजे टोकियो महानगराच्या निवडून आलेल्या प्रमुखाच्या, संमतीने वॉर्डप्रमुख नेमायचा, अशी पद्धत आली. परिणाम काय झाला? सभेतील थोड्याशा सदस्यांची मते जमवली की प्रमुखपद मिळते, हे कळल्यावर मते जमवण्याचे जे उपाय असतात ते सगळे सुरू झाले. शिबुया वॉर्डात प्रमुख निवडताना लाच दिल्या-घेतल्याचा खटला थेट जपानच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 1963 च्या त्या निकालात न्यायालयाने सांगितले की या वॉर्डांना घटनेने स्वतंत्र स्थानिक संस्थेचा दर्जा दिलेला नसल्यामुळे थेट निवडणूक रद्द करणे घटनाबाह्य नाही. कायद्याचा दरवाजा असा बंद झाला.

तो उघडला रहिवाशांनी. शिनागावा वॉर्डाने 1972 मध्ये एक युक्ती काढली: प्रमुख सभेनेच नेमायचा, पण त्याआधी रहिवाशांचे मतदान घ्यायचे आणि सभेने त्या कौलाचा मान राखायचा. कायद्याचे अक्षर मोडले नाही आणि निवडणूकही झाली. त्यानंतर 1974 मध्ये कायदा बदलला आणि एप्रिल 1975 पासून सर्व 23 वॉर्डांत पुन्हा थेट निवडणूक सुरू झाली. 2000 साली या वॉर्डांना मूलभूत स्थानिक संस्थेचा दर्जा मिळाला आणि कचरा गोळा करण्याचे काम महानगराकडून वॉर्डांकडे आले. सेऊल शहरानेही आपल्या विभागप्रमुखांची थेट निवडणूक 1995 मध्ये सुरू केली आणि आज तिथे 25 विभागांचे प्रमुख असेच निवडले जातात. या शहरांचे तुकडे झाले नाहीत. टोकियोत पाणी आणि अग्निशमन आजही महानगराकडेच आहे.

थेट निवडणुकीने काय साधते, याचे अलीकडचे एक उदाहरण सांगतो. जून 2022 मध्ये सुगिनामी वॉर्डात, जिथे साडेपाच लाखांहून अधिक लोक राहतात, सातोको किशिमोतो या नवख्या उमेदवार महिलेने तीन वेळा निवडून आलेल्या विद्यमान प्रमुखाला अवघ्या 187 मतांनी हरवले. प्रचाराचे विषय कोणते होते? जुन्या वस्तीतून जाणारे रस्तारुंदीकरण, स्थानकाजवळचा पुनर्विकास, मुलांसाठीची सार्वजनिक केंद्रे बंद करण्याचा निर्णय. मुंबईत हेच विषय असते, तर ते पक्षांच्या मोठ्या घोषणांखाली दबले असते, कारण त्यांवर निर्णय घेणारा माणूस मतदानयंत्रावर नसतोच. सेतागाया वॉर्डाची लोकसंख्या नऊ लाखांच्या वर आहे. तिथले प्रमुख नोबुतो होसाका यांनी नोव्हेंबर 2015 मध्ये समलिंगी जोडप्यांना अधिकृत प्रमाणपत्र देण्याची पद्धत सुरू केली, आणि शिबुयानेही त्याच दिवशी. देशाचा कायदा जिथे हलत नव्हता तिथे दोन वॉर्ड पुढे गेले, आणि पुढे कितीतरी गावांनी त्यांचे अनुकरण केले. आपल्या लोकांना हे वॉर्ड अगदीच परके नाहीत: एदोगावा वॉर्डाच्या सभेवर 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक हे महाराष्ट्रातून तिकडे गेलेले गृहस्थ निवडून आले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी त्याचे कौतुक केले होते. त्या वॉर्डाच्या सभेला किती अधिकार असतात, हे मात्र त्या बातम्यांत कोणी लिहिले नाही.

टोकियोत सगळे गोड आहे असे नाही. सुगिनामीच्या त्या चुरशीच्या निवडणुकीतही मतदान 40 टक्क्यांच्या आतच राहिले. कोतो वॉर्डात 2023 च्या एप्रिलमध्ये निवडून आलेल्या प्रमुखांना इंटरनेटवरील पैसे देऊन केलेल्या प्रचाराच्या प्रकरणात त्याच वर्षी पायउतार व्हावे लागले. आणि वॉर्डावॉर्डांतले भांडण किती टोकाला जाऊ शकते, हेही याच कोतोने दाखवले आहे. 1970 च्या दशकाच्या आरंभी टोकियोचा बहुतेक कचरा खाडीकाठच्या कोतोमधून भरावभूमीकडे जाई. ट्रकांची रांग, वास आणि माश्या कोतोच्या वाट्याला. त्याच वेळी पश्चिमेकडच्या सुगिनामीतील लोक आपल्या वस्तीत कचराभट्टी उभारू देत नव्हते. मे 1973 मध्ये कोतोचे प्रमुख आणि सभासद स्वतः रस्त्यावर उतरले आणि सुगिनामीहून आलेले कचऱ्याचे ट्रक त्यांनी परत पाठवले. सुगिनामीत कचरा साचला. पुढल्या वर्षी तडजोड झाली आणि तिथल्या ताकाइदो भागात भट्टी उभारायचे ठरले. विभागप्रमुखांना बळ दिले तर ते शहराला वेठीस धरतील, असे म्हणणाऱ्याने हा प्रसंग जरूर पुढे करावा. पण देवनारच्या रहिवाशाने तो वाचला तर त्याला वेगळेच काही दिसेल. 1927 पासून या शहराचा कचरा देवनारला जातो, आणि देवनार ज्यात येते त्या ‘एम-पूर्व’ विभागाच्या वतीने एकदाही कोणी अधिकाराने उभे राहून ‘तुमचा कचरा तुम्ही सांभाळा’ असे दक्षिण मुंबईला सांगू शकलेले नाही. 2009 च्या मुंबई मानवी विकास अहवालात हाच विभाग तळाशी होता. शहर एकसंध ठेवायचे म्हणून भांडणच होऊ द्यायचे नाही, हा न्याय ज्याच्या दारात कचरा पडत नाही त्यालाच परवडतो.

याहून गंभीर आक्षेप पैशाचा आहे, आणि तो दिल्लीच्या अनुभवातून येतो. 2012 मध्ये दिल्ली महापालिकेचे तीन भाग केले गेले. दक्षिणेकडे व्यापारी आणि श्रीमंत वस्त्या गेल्या, पूर्व आणि उत्तरेकडे खर्च राहिला. पूर्व दिल्लीत सफाई कामगारांचे पगार थकले, संप झाले, रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग लागले. आणि 2022 मध्ये तिन्ही महापालिका पुन्हा एक केल्या गेल्या. बंगळुरूने 2025 मध्ये पाच महापालिकांचा मार्ग धरला आहे. त्यांच्यातल्या महसुलाच्या विषमतेचे काय होते ते दिसेलच. मुंबईत मालमत्ता कर विभागवार राहू दिला, तर फोर्ट-नरिमन पॉइंटचा ‘ए’ विभाग आणि वांद्रे-कुर्ला संकुल असलेला ‘एच-पूर्व’ विभाग गब्बर होतील आणि गोवंडी-मानखुर्द उघडे पडेल. म्हणूनच कर विभागांनी गोळा करायचाच नाही. टोकियोत स्थावर मालमत्तेवरचा कर आणि कंपन्यांवरचा स्थानिक कर महानगर सरकार गोळा करते, आणि त्यातील निम्म्याहून अधिक वाटा, सुमारे 55 टक्के, गरजेच्या सूत्राने 23 वॉर्डांत वाटला जातो. मिनातोसारख्या श्रीमंत वॉर्डाला त्या निधीतील सर्वसाधारण वाटा मिळत नाही. मुंबईतही कर मुख्यालयानेच घ्यावा आणि लोकसंख्या, झोपडपट्टीतील वस्तीचे प्रमाण आणि नागरी सुविधांची तूट यांवर आधारलेल्या, कायद्यात लिहिलेल्या सूत्राने विभागांना द्यावा. सूत्र कायद्यात हवे, कारण ते आयुक्तांच्या किंवा स्थायी समितीच्या मर्जीवर राहिले तर निधी सत्ताधाऱ्यांच्या विभागाकडेच वाहतो. निधीवाटपातील भेदभावाची ओरड मुंबईत प्रत्येक पक्षाने कधी ना कधी केलेली आहे.

एकाच माणसाच्या हाती सत्ता गेली की विभाग त्याची जहागीर होईल, हा आक्षेपही खोटा नाही. लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स या विभागाचे थेट निवडून आलेले महापौर लुत्फुर रहमान यांची 2014 ची निवड निवडणूक न्यायालयाने गैरप्रकारांमुळे 2015 मध्ये रद्द केली आणि पाच वर्षे त्यांना उभे राहण्यास बंदी घातली. 2022 मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि निवडूनही आले. पण जहागिरी मुंबईत आज नाहीत काय? प्रभाग महिलांसाठी राखीव झाला की पत्नीला आणि दुसरा मोकळा झाला की मुलाला उभे करणारी घराणी सर्व पक्षांत आहेत. फरक इतकाच की आजच्या जहागीरदाराकडे उपद्रवमूल्य आहे, पण उत्तरदायित्व नाही. पदपथावरचे हप्ते कोण घेतो हे सर्वांना ठाऊक असते, तरी त्याबद्दल कोणाला मत द्यायचे वा नाकारायचे हे ठरवता येत नाही. अध्यक्षाच्या अंदाजपत्रकाला विभागातील नगरसेवकांच्या समितीची मंजुरी, दोन तृतीयांश बहुमताने त्याचा निर्णय फिरवण्याची मुभा, दरवर्षी प्रसिद्ध होणारे लेखापरीक्षण, आणि सलग दोनच मुदती: एवढी कुंपणे घातली तर धोका उरेल, पण आवाक्यात राहील. अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे असे झाल्यास काम अडेल, हे नगरपालिकांत अनेकदा पाहिले आहे. अडेल. मग दोघांनाही एकत्र बसावे लागेल.

उलट बाजूचा धोका मला अधिक वाटतो: पद निर्माण करायचे आणि त्यात काही ठेवायचे नाही. न्यूयॉर्कच्या पाच बरोंचे, म्हणजे शहराच्या पाच मोठ्या विभागांचे, अध्यक्ष आजही थेट निवडले जातात. एकेकाळी शहराच्या अंदाजपत्रकावर आणि जमिनीच्या वापरावर निर्णय घेणाऱ्या मंडळात त्यांची मते होती. लहान आणि मोठ्या बरोंना सारखेच मत असल्यामुळे ते मंडळ समान मताधिकाराच्या तत्त्वाला धरून नाही, असा निकाल 1989 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि मंडळ बरखास्त झाले. बरोंचे अध्यक्ष राहिले. त्यांच्याकडे शिफारसी, थोडा निधी आणि उद्घाटने उरली. आपल्याकडे शोभेच्या पदांची कमतरता नाही. मुंबईचा महापौर हेच त्याचे उत्तम उदाहरण: अडीच वर्षांची मुदत, आरक्षणाची सोडत, मानाचा बंगला, आणि कार्यकारी अधिकार जवळजवळ शून्य. 1998 मध्ये मुंबईत महापौर परिषदेची, म्हणजे कार्यकारी अधिकार महापौर आणि त्याच्या परिषदेकडे देण्याची, पद्धत आणली गेली आणि वर्षभरातच गुंडाळली गेली. तेव्हा विभागाच्या अध्यक्षाला निदान चार गोष्टी नावानिशी द्याव्या लागतील. विभाग कार्यालयातील परिरक्षण, घनकचरा, उद्याने आणि फेरीवाला व्यवस्थापन यांवर आदेश देण्याचा अधिकार; विभागातील लहान रस्त्यांची आणि पदपथांची कंत्राटे; सहायक आयुक्ताच्या गोपनीय अहवालात लेखी मत; आणि विभागात खोदकाम करणाऱ्या प्रत्येक यंत्रणेने, मग ती महापालिकेची असो की बाहेरची, त्याच्याकडून वेळापत्रक मंजूर करून घेण्याचे बंधन. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण वर सांगितलेल्या उकरलेल्या रस्त्याचे अर्धे दुखणे तीच आहे.

घटना आडवी येईल का? 243-एस अनुच्छेदात प्रभाग समितीचा अध्यक्ष त्या प्रभागांतील सदस्यांपैकीच असावा, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणून प्रभाग समितीच्या अध्यक्षाचीच थेट निवडणूक घेता येणार नाही. परंतु त्याच अनुच्छेदाच्या पाचव्या खंडात प्रभाग समित्यांखेरीज अन्य समित्या स्थापन करण्याची मुभा राज्य विधिमंडळाला दिली आहे, आणि 243-आर अनुच्छेद अशा समित्यांच्या अध्यक्षांना महापालिकेत प्रतिनिधित्व देण्याची तरतूद करू देतो. म्हणजे विधानसभेने मुंबईसाठी विभाग समित्या निर्माण कराव्यात, त्यांचे अध्यक्ष थेट निवडले जातील असे ठरवावे आणि त्यांना महापालिकेच्या सभागृहात बसू द्यावे. घटनादुरुस्तीची गरज नाही. 1888 च्या कायद्यात एक प्रकरण वाढवावे लागेल.

थेट निवडणूक महाराष्ट्राला नवी नाही, हेही लक्षात घ्यावे. नगराध्यक्षांची थेट निवडणूक 2016 मध्ये आली, 2020 मध्ये गेली, 2022 मध्ये परत आली आणि डिसेंबर 2025 मध्ये राज्यभरातील नगरपरिषदांच्या मतदारांनी नगराध्यक्ष थेट निवडले. सरपंचांचेही 2017, 2020 आणि 2022 मध्ये असेच मागेपुढे झाले. सरकार बदलले की पद्धत बदलते, कारण प्रत्येक वेळी हिशेब तत्त्वाचा नसून ‘आपल्याला कोणती पद्धत लाभते’ याचा असतो. तरीही पंचवीस हजार वस्तीच्या गावाच्या मतदाराला जो अधिकार आज आहे, तो नऊ लाखांच्या मालाडच्या मतदाराला का नसावा, याचे उत्तर कोणी देत नाही. खरे उत्तर उघड आहे. मुंबईत विधानसभेचे 36 मतदारसंघ आहेत, आणि दोन-तीन लाख मतदारांनी थेट निवडलेला, हातात निधी असलेला विभागाध्यक्ष हा त्यांतील प्रत्येक आमदाराचा उद्याचा प्रतिस्पर्धी ठरतो. कायदा याच 36 जणांनी आणि त्यांच्या राज्यभरच्या सहकाऱ्यांनी करायचा आहे. मुख्यालयातील दालन सोडण्याची इच्छा मंत्र्यांनाही नसणार.

तरी वेळ अनुकूल आहे. 2027 च्या जनगणनेची संदर्भतिथी 1 मार्च 2027 आहे आणि तिचे आकडे आले की मुंबईतील प्रभागांच्या सीमा नव्याने आखाव्या लागतील. त्याच वेळी प्रशासकीय विभाग आणि निवडणूक प्रभाग एकमेकांत नीट बसतील, एकही प्रभाग दोन विभागांत फाटणार नाही, आणि सात-आठ लाखांपेक्षा मोठा विभाग उरणार नाही, अशी आखणी करता येईल. पुढची महापालिका निवडणूक वेळेवर झाली तर ती 2031 मध्ये येईल. कोणत्या विभागात तेव्हा कोणाचे पारडे जड असेल, याचा अंदाज आज कोणत्याही पक्षाला बांधता येणार नाही. लाभ-हानीचा हिशेब मांडता येत नाही अशी वर्षे या शहराच्या राजकारणात फार थोडी येतात. कायदा करायचा तर पुढच्या दोन अधिवेशनांत करावा. निवडणूक जवळ आली की प्रत्येक पक्षाकडे आपापल्या विभागांची यादी तयार असेल.